बर्फाच्या कारखान्याचं एनर्जी ऑडिट: हर्णैचा आमचा अनुभव

आमचा हर्णै बंदराजवळ बर्फाचा कारखाना आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी सुरू केलेला. आता मशीनचं सगळं नवरा बघतो आणि हिशेब, बिलं, बँक, सरकारी कागद माझ्याकडे. क्षमता दिवसाला पंधरा टन, म्हणजे पन्नास किलोच्या तीनशे लाद्या, पण सीझनची सरासरी धरली तर दहाच्या आसपास टन निघतो. बर्फाच्या धंद्यात कच्चा माल म्हणजे पाणी आणि वीज, आणि पाणी आमच्या विहिरीचं, त्यामुळे खर्च म्हणजे वीजच. २०२३ च्या नोव्हेंबरात महिन्याचं बिल दोन लाखांच्या वर गेलं आणि लादीचा भाव मात्र बोटवाले वाढवू देत नव्हते, त्यांचंही डिझेलमुळे कंबरडं मोडलेलं. तेव्हा ठरवलं की एनर्जी ऑडिट, म्हणजे वीज कुठे किती जाते याची मोजून तपासणी, करून घ्यायचं. त्यानंतर दोन सीझन गेले, आकडे हातात आलेत, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. दाभोळ, जयगड, नाटे, देवगड, मालवण, कुठेही बर्फाचा कारखाना, कोल्ड स्टोरेज किंवा आंब्याचा पल्प प्लांट असणाऱ्यांना उपयोग व्हावा हाच हेतू.

पहिलं काम घरबसल्या केलं आणि ते फुकट होतं. मागच्या दोन वर्षांची बिलं महावितरणच्या साइटवरून उतरवून घेतली आणि एका वहीत महिन्यानुसार युनिट, नोंदलेली कमाल मागणी (एका वेळी ओढलेला सगळ्यात जास्त भार), पॉवर फॅक्टर (घेतलेली वीज किती कामी लागते ते, १ म्हणजे उत्तम) आणि टीओडीचे, म्हणजे दिवसाच्या वेळेनुसार बदलणाऱ्या दराचे, चार कप्पे मांडले. शेजारी त्या महिन्यात किती लाद्या गेल्या ते. लाद्यांचा हिशेब आमच्याकडे रोजचा होताच, पण तो विक्रीसाठी, विजेच्या शेजारी तो कधी कुणी ठेवला नव्हता. भागाकार केला तेव्हा एक टन बर्फाला ६८ युनिट येत होते. हा आकडा चांगला की वाईट हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण एका महिन्यात ६४ आणि दुसऱ्यात ७३ का, हा प्रश्न तरी हातात आला. ऑडिटर पुढे म्हणाले की निम्मे कारखानदार त्यांना हा आकडा सांगूच शकत नाहीत. तुम्ही ऑडिट करा न करा, ही वही आजच सुरू करा.

ऑडिटर शोधायला वेळ लागला. ऊर्जा दक्षता ब्युरो म्हणजे बीईई ही केंद्राची संस्था, ती परीक्षा घेऊन ऑडिटरना प्रमाणित करते. राज्यात हे काम महाऊर्जा बघते, आणि त्यांच्याकडे ऊर्जा लेखापरीक्षण करणाऱ्या सल्लागार संस्थांची यादी असते. मी जिल्हा उद्योग केंद्रात रत्नागिरीला विचारायला गेले होते, तिथल्या बाईंनी ती यादी कुठे बघायची ते नीट दाखवलं आणि उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) अपडेट करून घ्यायला सांगितलं, तो सल्ला पुढे फार कामाला आला कारण आमच्या नोंदणीत उलाढाल जुनीच होती. यादीतल्या बऱ्याच जणांना फोन केले. काहींना दापोली म्हटल्यावरच लांब वाटलं. एकाने फोनवरच सोलर विकायला सुरुवात केली, त्यांना नमस्कार केला. शेवटी ज्यांनी आधी दोन प्रश्न विचारले, गार करणारा वायू अमोनिया आहे का फ्रिऑन, आणि ब्राइनचं, म्हणजे बर्फाचे डबे ज्यात बुडवतात त्या मिठाच्या पाण्याचं, तापमान किती ठेवता, त्यांना काम दिलं. फी ४५ हजार अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५३,१०० रुपये, शिवाय दोन माणसांची राहण्याजेवणाची सोय आमची. फोनवर ठरवताना तीन गोष्टी लिहून घ्या: आधी रेफ्रिजरेशनचं ऑडिट केलंय का, मीटरांची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं आहेत का, आणि रिपोर्टमध्ये प्रत्येक सुचवणीसमोर खर्च आणि बचत मोजून देणार का.

तारीख आम्ही फेब्रुवारी २०२४ ची घेतली. हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, तेव्हा कारखाना बंद असतो म्हणून ऑडिट तेव्हा सोयीचं वाटतं, पण बंद मशीनचं मोजणार काय? मोजणी भर सीझनला आणि दुरुस्ती बंदीत, हाच क्रम बरोबर. ऑडिटर साहेब आणि त्यांचा मुलगा तीन दिवस होते. मेन पॅनलला पॉवर अ‍ॅनालायझर लावून चोवीस तास नोंद घेतली, प्रत्येक मोटर क्लॅम्पने तपासली, थर्मल कॅमेऱ्याने केबलचे जोड बघितले. आमचे ऑपरेटर काका पंचवीस वर्षं त्या कॉम्प्रेसरवर आहेत, त्यांना पहिल्या दिवशी हे आवडलं नव्हतं, कुणीतरी आपल्या चुका काढायला आलंय असं वाटणं साहजिक आहे. साहेबांनी हे ओळखलं आणि सगळं त्यांनाच विचारत गेले, काका हे प्रेशर कधीपासून एवढं, काका आवाज कधी बदलला. दुसऱ्या दिवशी काका स्वतःच टॉर्च घेऊन कंडेन्सरमागे नेऊन दाखवत होते. रिपोर्टमधल्या निम्म्या गोष्टी त्यांच्या तोंडून आल्यात असं मी मानते, म्हणून तुमच्या ऑपरेटरला पहिल्या मिनिटापासून सोबत बसवा.

रिपोर्ट मार्चअखेर आला. काय निघालं ते जरा सविस्तर सांगते कारण किनाऱ्यावरच्या बहुतेक बर्फवाल्यांकडे थोड्याफार फरकाने हेच असेल.

सगळ्यात मोठं नुकसान कंडेन्सरवर, म्हणजे दाबलेला अमोनिया पाण्याने गार करून द्रव करणाऱ्या भागावर, होतं. आमच्या विहिरीला उन्हाळ्यात मचूळ पाणी लागतं, त्याचे क्षार ट्यूबवर बसून जाड थर झाला होता आणि हेड प्रेशर, म्हणजे कॉम्प्रेसरने पुढे ढकललेल्या वायूचा दाब, २१५ पीएसआयच्या पुढे जात होतं. अमोनियाला १८० ते १८५ पीएसआय म्हणजे साधारण ३५ अंशांचं कंडेन्सिंग, २१० च्या पुढे म्हणजे चाळीस अंश. हा पाच अंशांचा फरक कॉम्प्रेसरला चोवीस तास ढकलावा लागतो आणि त्याचे पैसे आपण भरतो. थोडी हवाही सिस्टिममध्ये अडकलेली होती, ती पर्ज करायची, म्हणजे बाहेर काढायची, होती.

दुसरं ब्राइन. मिठाच्या पाण्याची टाकी आम्ही उणे चौदापर्यंत नेत होतो, बर्फ लवकर धरतो म्हणून. साहेबांनी सांगितलं की इव्हॅपोरेटरचं (ब्राइन गार करणाऱ्या नळ्यांचं) तापमान एक अंश वर घेतलं तरी विजेत जवळपास तीन टक्के फरक पडतो, आणि अठरा-वीस तासांत लादी तयार होणार असेल तर उणे दहा पुरे. घाई नसताना उणे चौदा कशाला? पण ते जमायला टाकीची झाकणं धड हवीत. आमच्या लाकडी झाकणांपैकी कितीतरी फुटलेली, मधल्या फटींवर गोणपाट टाकलेलं, आणि एका बाजूचं थर्मोकोलचं इन्सुलेशन ओलं होऊन बसलेलं. वरून गार हवा जाते ती दिसत नाही म्हणून कुणी मनावर घेत नाही.

तिसरं म्हणजे मोटरी. ब्राइन ढवळणाऱ्या अ‍ॅजिटेटरची दहा एचपीची मोटर इतक्या वेळा रिवाइंड झालेली की तिची नेमप्लेटही गेली होती, आणि तिथे साडेसातची पुरत होती. कमी वीज खाणारी आयई-३ वर्गाची नवी मोटर घ्या असा सल्ला. आणि चौथं पॉवर फॅक्टर. तो सुधारणारे जुने कपॅसिटर जागेवर होते पण निम्मे मेलेले, बिलावर ०.८७ दिसत होता. पॉवर फॅक्टर घसरला की त्याचा भुर्दंड बिलात येतोच. खाऱ्या हवेचा त्रास इथे सगळ्यात जास्त, कपॅसिटरची टर्मिनल्स हिरवी झालेली, अर्थिंगच्या पट्ट्या जमिनीत खाऊन गेलेल्या. अर्थिंगचं बघून नवरा खरंच घाबरला, कारण तिथे ओल्या फरशीवर माणसं अनवाणी वावरतात. हे काम बचतीत मोजता येत नाही, पण आम्ही सगळ्यात आधी तेच केलं, बंदीची वाट न बघता, लगेच. चाळीस हजार लागले.

आता टीओडीबद्दल, कारण मला स्वतःला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट ही आहे. आमच्यासारख्या वीस किलोवॉटच्या वरच्या औद्योगिक जोडणीला दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतो. तेव्हाच्या दरपत्रकात रात्री दहा ते सकाळी सहा युनिटमागे दीड रुपया सूट होती, सकाळी नऊ ते बारा ऐंशी पैसे जादा आणि संध्याकाळी सहा ते दहा एक रुपया दहा पैसे जादा. अप्पांचं कायम म्हणणं, आपल्या जिल्ह्यात पोफळीला कोयनेची वीज, जयगडला बाराशे मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प, अंजनवेलला गॅसचा, आणि आम्हीच का महाग भरायचं. साहेबांनी त्यांना शांतपणे समजावलं की ही वीज राज्याच्या जाळ्यात जाते आणि महावितरणचा दर राज्य वीज नियामक आयोग सगळ्या राज्यासाठी एकच ठरवतो. संध्याकाळी सगळीकडे दिवे, पंखे, टीव्ही एकदम लागतात, तो भार उचलायला कोयनेसारखे जलविद्युत प्रकल्प झटकन चालू करता येतात म्हणून त्यांचं पाणी त्या वेळेसाठी राखून वापरतात. मग ते म्हणाले, "अप्पा, तुमची ब्राइनची टाकी पण एक छोटं धरणच आहे. दुपारी भरून ठेवा, संध्याकाळी दोन तास कॉम्प्रेसर बंद ठेवा, बर्फाला कळणारसुद्धा नाही." झाकणं आणि इन्सुलेशन नीट असेल तर दोन तासांत ब्राइन जेमतेम दीड अंश चढतं. हे ऐकल्यापासून अप्पा रोज संध्याकाळी सातला स्वतः जाऊन बघतात कॉम्प्रेसर बंद झाला का.

एप्रिल आणि मे पैशांच्या मागे गेले. एकूण अंदाज ५ लाख ६० हजारांचा होता: कंडेन्सर साफ करणं आणि काही ट्यूब बदलणं १ लाख १० हजार, ऑटोमॅटिक पॉवर फॅक्टर पॅनल १ लाख ३५ हजार, मोटरी आणि बेल्ट ८५ हजार, झाकणं आणि इन्सुलेशन १ लाख ६० हजार, अर्थिंगचे चाळीस, आणि वेगवेगळे सबमीटर तीस हजार. सगळे एकदम उचलणं शक्य नव्हतं. बँकेत गेलो तर तिथे मशिनरी लोन कळतं, पण जुनं मशीन सुधारायला कर्ज हे त्यांच्या फॉर्ममध्ये कुठे बसेना. ऑडिट रिपोर्टमधलं बचतीचं पान, दोन वर्षांची बिलं, उद्यम प्रमाणपत्र, तीन-तीन कोटेशनं असं सगळं एका फाइलला लावून दिलं, तरी कधी हा कागद कधी तो कागद करत मे संपत आला. त्या दिवसांत मला रात्री झोप लागत नव्हती, कारण जून-जुलै हातचे गेले तर अख्खं वर्ष गेलं. शेवटी साडेतीन लाख मंजूर झाले आणि बाकीचे आम्ही घातले. माझं सांगणं, कोटेशनं रिपोर्ट यायच्या आधीच मागवायला सुरुवात करा आणि बँकेत फेब्रुवारीतच तोंडओळख करून ठेवा.

जून उजाडला, बोटी किनाऱ्यावर ओढल्या, आणि आमचं काम सुरू झालं. कंडेन्सरसाठी अमोनिया एका बाजूला घ्यावा लागतो, ते काम फक्त जाणकार माणसाकडूनच करून घ्या, दहा हजार वाचवायला जाऊ नका. इन्सुलेशनवाला ठरल्यापेक्षा उशिरा आला, पावसात माल भिजू नये म्हणून ताडपत्र्या बांधून काम केलं. पॅनल घेताना आम्ही धूळ आणि पाण्यापासून बचाव करणारी आयपी-५५ पेटी मागितली आणि तांब्याचे लग कथिल चढवलेले, थोडे पैसे जास्त गेले पण समुद्रापासून दोनशे मीटरवर साधी पत्र्याची पेटी किती टिकते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. लाद्या सोडवायच्या डिप टँकचं गार झालेलं पाणी आम्ही गटारात सोडायचो, त्याला एक पाइप टाकून ते कंडेन्सरच्या टाकीत वळवलं, खर्च चार हजार. सगळ्या कामात हे मला फार आवडलं.

याच काळात कॉन्ट्रॅक्ट डिमांड, म्हणजे महावितरणकडे मंजूर असलेली मागणी, कमी करायचा अर्ज केला. आमची मंजूर मागणी ९० केव्हीए, आणि ऑडिटप्रमाणे सुधारणांनंतर कमाल मागणी साठ-पासष्टच्या घरात येणार होती. लोक म्हणतात डिमांड कमी केली की बिल धपकन खाली येतं. लघुदाब जोडणीला तेव्हा नियम असा होता की सकाळी सहा ते रात्री दहा या वेळात नोंदलेल्या कमाल मागणीच्या ६५ टक्के किंवा कॉन्ट्रॅक्ट डिमांडच्या ४० टक्के, यातलं जे जास्त त्यावर डिमांड चार्ज. म्हणजे सीझनमध्ये आमचा आकार नोंदलेल्या मागणीवरच लागणार, आणि ४० टक्क्यांचा नियम फक्त बंदीच्या दोन महिन्यांत लागू पडणार. ९० चे ३६ आणि ७५ चे ३०, फरक सहा केव्हीएचा. फायदा आहे पण छोटा. आणि फार खाली आणली तर ऑगस्टमध्ये कोमट टाकी पहिल्यांदा गार करताना दोन्ही कॉम्प्रेसर एकदम चालतात तेव्हा मर्यादा ओलांडली जाऊन जादा मागणीवर दीडपट दराने वेगळा आकार बसतो. म्हणून आम्ही ७५ वर थांबलो. अर्ज ऑनलाइन होतो, सोबत चालू बिल, उद्यम प्रमाणपत्र आणि परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागला, दापोलीच्या उपविभागात जाऊन एकदा कागद दाखवून आले. ठेकेदाराची सही आधी घेऊन ठेवा, पावसात ही माणसं भेटत नाहीत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकी गार करायला घेतली, तीही रात्री दहानंतर. काकांनी हेड प्रेशरचा काटा १८३ वर बघितला आणि नवऱ्याला फोन करून बोलावून घेतलं. नारळी पौर्णिमेनंतर बोटी पूर्ण जोरात लागल्या तेव्हा खरी परीक्षा. सप्टेंबरात टनाला ५९ युनिट आले, नोव्हेंबरपासून ५७. पॉवर फॅक्टर ०.९९. महिन्याला तीनशे टनांवर साधारण ३,३०० युनिट कमी, पैशात तीस-एकतीस हजार. कारखाना पूर्ण जोमाने वर्षाचे नऊएक महिने चालतो, म्हणजे घातलेले पैसे दोन सीझनमध्ये सुटतात, कर्जाचं व्याज धरून थोडं पुढे. मार्च-एप्रिलमध्ये आकडा परत ६० ला गेला होता, सबमीटर होते म्हणून लगेच कळलं की गडबड कंडेन्सरच्या पंपाकडे आहे, स्ट्रेनर (पाण्याची गाळणी) चोंदला होता. सबमीटरचे तीस हजार त्या दिवशी वसूल झाले असं मी म्हणेन. आता विहिरीच्या पाण्याला सॉफ्टनर बसवायचा विचार आहे.

सोलरचं बरेच जण विचारतात. व्यवसायाच्या छपराला घरगुती योजनेची सबसिडी मिळत नाही, नेट मीटरिंग मात्र मिळतं. आमचे पत्रे गंजलेले आहेत, आणि ३ जून २०२० चं निसर्ग वादळ दापोली-मंडणगडने काय सोसलं ते आम्ही बघितलंय, छपरं उडाली होती, खांब आडवे झाले होते. त्यामुळे आधी छप्पर आणि सांगाडा मजबूत करायचा, मग पॅनल. शिवाय गरज आधी कमी केली तर पॅनलही कमी लागतात.

दोन नवीन गोष्टी घडल्यात त्या सांगायला हव्यात. २०२५ च्या दर आदेशात टीओडीच्या वेळा बदलल्या, रात्रीची सूट जाऊन ती दिवसा उन्हाच्या तासांवर आली आणि संध्याकाळ ते मध्यरात्र महाग झाली, कारण आता दिवसा सौर वीज मुबलक आहे. मी वर दिलेल्या वेळा म्हणून जशाच्या तशा धरू नका, तुमच्या ताज्या बिलाच्या मागचा तक्ता बघा. आम्ही पण डबे भरायची आणि कॉम्प्रेसरची वेळ दुपारकडे सरकवली, कामगारांच्या पाळ्या बदलाव्या लागल्या, त्यावर घरात आणि कारखान्यात बरीच चर्चा झाली. आयोग दर ठरवण्याआधी लेखी सूचना मागवतो, त्या कुणीही पाठवू शकतो. मासेमारीचा हंगाम आणि बर्फाची गरज तिथे आपणच मांडली नाही तर कोण मांडणार, म्हणून पुढच्या वेळी किनाऱ्यावरच्या बर्फवाल्यांनी मिळून एक पत्र द्यावं असं मला वाटतं.

दुसरी गोष्ट, जुलै २०२५ मध्ये बीईईने अडीटी (ADEETIE) नावाची योजना सुरू केली. ऊर्जा वाचवणारी यंत्रं घेताना काढलेल्या कर्जाच्या व्याजात सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सवलत, बचत किमान १० टक्के दाखवावी लागते, आणि ज्या चौदा क्षेत्रांसाठी ती आहे त्यात मत्स्य व्यवसाय आहे. योजना ठरावीक क्लस्टरांसाठी टप्प्याटप्प्याने आहे, त्यामुळे आपलं गाव बसतं का ते आधी महाऊर्जाकडे किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. आमचा दुसरा कॉम्प्रेसर बदलायचाय, त्यासाठी मी चौकशी लावली आहे. फाइल तीच, फक्त नवे आकडे घालून: दोन सीझनची टनामागची युनिटं, ऑडिटचं पान, उद्यम, कोटेशनं. पुढच्या जूनमध्ये काम हवं असेल तर ऑडिटरची तारीख डिसेंबरातच घ्या, जानेवारीनंतर ते पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत अडकतात.